खलाशी धोंडूची अकरा पानं

अजमान,
११ जानेवारी २०२५

चि. लतिका,

पार्सल पोचलं. ‘गलबत’ मासिकाचा १९६८चा दिवाळी अंक मी किती वर्षं शोधत होतो, आणि तो तुझ्याकडे जादा निघाला. ठरल्याप्रमाणे बदल्यात माझ्याकडचे दोन अंक पाठवतोय. एकाचं मागचं पान फाटलेलं आहे, ते आधीच सांगून ठेवतो. आपल्यात लपवाछपवी नको.

म्हणूनच एक गोष्ट लिहायला जड जातंय. अकरा वर्षांचा असताना कराडच्या वाचनालयात मी हा अंक इतक्या वेळा चाळला होता की ग्रंथपाल ओरडायचे. मुखपृष्ठावर खलाशी धोंडू होडीत उभा आणि मागे समुद्र. तो समुद्र निळाशार होता. तू पाठवलेल्या अंकातला राखाडी आहे, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा. कागदही नको तेवढा तपकिरी. मला वाटतं, तुला कुणीतरी नंतर छापलेली प्रत गळ्यात मारली. तुझ्यावर शंका नाही. पण तू घेतलास कुणाकडून, ते कळव.

हल्ली बाजारच असा झालाय. शारजाचा जुन्या पुस्तकांचा मोहिद्दीन माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त. गेल्या महिन्यात त्यानंही असाच एक रंग गेलेला अंक दिला. मी म्हटलं, खलास, यापुढे तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही.

आणि बाळ, काळ्या शाईनं लिहीत जा. तुझं मागचं पत्र अर्धं वाचता आलं नाही. निळ्या शाईत पाणी घालून विकतात की काय कोण जाणे. त्यात सूनबाईनं माझ्या खोलीत कमी उजेडाचा दिवा लावून ठेवलाय. बिल वाचवते.

रणजितला आणि मला दुकानात हळकुंडाच्या नव्या मालाचं बघायचंय, म्हणून आवरतं घेतो.

भानुदासकाकाचे आशीर्वाद


अल रीम आयलंड, अबू धाबी,
१९ जानेवारी २०२५

ती. भानुदासकाका,

काळ्या शाईनं लिहितेय. वाचता येतंय ना?

खरं सांगू, तुमचं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. तो अंक मी पुण्यात रविवारच्या बाजारात स्वतः पारखून घेतला. गंजलेल्या पिना, आतल्या पानावर जुन्या मालकाचं नाव. आणि काका, मी पार्सल बांधलं तेव्हा समुद्र निळा होता. माझ्या नवऱ्यानं, निनादनं, टेप लावून दिली, त्याला विचारलं. तोही म्हणाला, निळाच.

आपण तीन वर्षं अंकांची अदलाबदल करतोय. शारजाच्या पुस्तकमेळ्यात भेटलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, या छंदात पैसा कमी असला तरी चालेल, माणूस खात्रीचा हवा. मी तुम्हाला फसवणार नाही, तुम्ही मला फसवणार नाही. मग उरतं कोण? पार्सल माझ्या हातातून सुटल्यापासून तुमच्या हातात पडेपर्यंत मध्ये कुणीतरी आहे. ते तुमच्याकडे कोण उघडतं?

मी उगाच म्हणत नाही. मागच्या वर्षी एका गोड बोलणाऱ्या गृहस्थाकडून मी मूळ चित्र म्हणून एक पान घेतलं. नऊशे दिरहम, म्हणजे एकवीस हजार रुपये. वर्षभर साठवलेले. ती साधी छापील नक्कल निघाली. तेव्हापासून मी एक परीक्षा शिकले. जुने चित्रकार आधी फिक्या निळ्या पेन्सिलीनं आराखडा काढायचे आणि त्यावर काळी शाई फिरवायचे. छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नसे, म्हणून कुणी खोडत बसायचं नाही. त्यामुळे मूळ पानावर शाईखाली निळ्या रेषा असतात, नकलेवर नसतात.

तुमच्याकडे सूर्यकांत खेडेकरांनी स्वतः काढलेली धोंडूच्या चित्रकथेची अकरा मूळ पानं आहेत. एकदा उजेडात तपासून घ्या. मनाला स्वस्थता लाभेल.

लतिका


अजमान,
२ फेब्रुवारी २०२५

चि. लतिका,

स्वस्थता कुठली. गेले दहा दिवस मला धड झोप नाही.

शनिवारी सकाळी सगळे बाहेर गेल्यावर मी कपाटातून पानं काढली. ही पानं मी कशी जमवली ते तुला माहीत आहे. दर सुट्टीत पुण्याला जायचं, खेडेकरांच्या पुतण्याच्या दारात बसायचं आणि परवडेल ते एक पान घेऊन यायचं. महिन्याला दोनशे दिरहम, म्हणजे पावणेपाच हजार रुपये बाजूला टाकायचे आणि त्यातच भागवायचं. तुझी काकू होती तेव्हा ती म्हणायची, दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, हे कागद पितात.

बाल्कनीत ऊन होतं. भिंग घेतलं. एकेका पानावर डोळे फुटेपर्यंत बघितलं. निळी रेषा एकाही पानावर नाही. अकराच्या अकरा पानांवर नाही.

तू विचारलंस, पार्सल कोण उघडतं. मी दुकानात असतो, तेव्हा पार्सलं सूनबाई, म्हणजे शर्वाणी घेते. बारा वर्षं झाली तिला या घरात येऊन. एका शिपिंग कंपनीत हिशेब बघते, चलाख आहे. देश सोडून जाणारी माणसं सामान विकतात ना, तशा ग्रुपवर ती सतत काहीतरी विकत असते. सायकल, मिक्सर, पडदे. डिसेंबरात मी अचानक घरी आलो, तर ती माझी पानं पलंगावर मांडून मोबाइलवर फोटो काढत होती. मला बघून म्हणाली, “बाबा, इशानीला हवे होते.” नऊ वर्षांच्या मुलीला मूळ पानांचे फोटो कशाला हवेत? त्याच आठवड्यात घरी कागद ठेवायची एक लांब नळी आली होती. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

रणजितला सांगू कसं? त्याची बायको आहे. तुझ्याशिवाय हे बोलायला माणूस नाही.

भानुदास


अल रीम आयलंड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी तुम्हाला घाबरवायला लिहिलं नव्हतं, पण आता गप्प बसणंही बरोबर नाही.

काल मी जाहिराती चाळत बसले. एक सापडली: “जुनी कॉमिक चित्रं, चांगल्या स्थितीत, अजमानहून घेऊन जावी.” नाव नाही, फोटो धूसर. मी दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. आज ती जाहिरात काढून टाकलेली आहे. अजमानमध्ये कॉमिक चित्रं असणारी घरं किती असतील, तुम्हीच सांगा.

निनाद म्हणतो, “ज्या बाईला तू पाहिलेलं नाहीस तिच्यावर चोरीचा आळ काय घेतेस?” त्याचा स्वभाव असाच आहे. मला फसवणाऱ्या गृहस्थालाही तो सज्जन म्हणाला होता.

तुम्ही मात्र घाई करू नका. आधी पुरावा हवा. प्रत्येक पानाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक ठिपका द्या. फिका, सहजासहजी कुणाला दिसणार नाही असा. पानं जशी होती तशी ठेवा. दोनतीन आठवड्यांनी बघा. ठिपका नसला तर पान बदललेलं आहे. तोवर घरात एक शब्द बोलू नका.

तुमची,
लतिका


अजमान,
४ मार्च २०२५

चि. लतिका,

तू म्हणालीस तसं केलं. बाल्कनीत उन्हात बसून ठिपके दिले. रमजान सुरू झाला त्या रात्री खोलीत पानं काढून बघितली. एकाही पानावर ठिपका नाही.

एक शब्द बोलू नका म्हणालीस, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. रविवारी जेवायला सगळे बसलो होतो. शर्वाणीनं मला भाजी वाढली आणि मी म्हणून गेलो, “पानं कुणाला विकलीस?”

तिला कळलंच नाही. “कसली पानं, बाबा?”

“धोंडूची. कितीला गेली तेवढं सांग. मी पैसे मागत नाही.”

रणजित म्हणाला, “बाबा, काय बोलताय तुम्ही?” मी सगळं सांगितलं. नळी, फोटो, ठिपके, निळ्या रेषा. तुझं नाव घेतलं नाही, पण या विषयातल्या जाणकार माणसानं सांगितलंय, असं म्हणालो. इशानी “व्हॉट हॅपन्ड? व्हॉट हॅपन्ड?” करत आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होती.

शर्वाणी रडली नाही. हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मला विचारलं, “बाबा, तुम्ही डोळे दाखवायला कधी जाणार आहात?” बघ, चोरी पकडल्यावर विषय कसा बदलतात. हे ती पूर्वीपासून करते. मी आंधळा ठरलो की दुकानाची खुर्ची त्यांना मोकळी. मी तसं बोललो. मग ती आत गेली. अर्ध्या तासात बॅग भरून इशानीला घेऊन अल बर्शाला बहिणीकडे गेली. रणजित सोडायला गेला आणि रात्री परत आला तो माझ्याशी बोलत नाही.

घर खायला उठतं. पण खरं ते खरं. सोबत एक पान पाठवतोय, धोंडू वादळात सापडतो ते. तू तपास आणि ही नक्कल आहे असं तुझ्या अक्षरात लिहून दे. रणजितला दाखवेन.

भानुदास


अल रीम आयलंड,
१० मार्च २०२५

ती. काका,

हे पत्र मी जाड काळ्या मार्करनं, मोठ्या अक्षरात लिहितेय. कृपा करून शेवटपर्यंत वाचा, मध्ये फाडू नका.

पान काल मिळालं. उघडलं आणि दिव्याखाली धरलं. काका, त्या पानावर निळ्या रेषा आहेत. एकदोन नाहीत, पानभर. लाटांच्या खाली, शिडाच्या खाली, धोंडूचा हात आधी वर काढून मग खाली घेतलाय तोसुद्धा निळ्या पेन्सिलीत दिसतोय. उलटं केलं. कोपऱ्यात ठिपका आहे. तुम्ही दिलेला.

पहिल्यांदा मनात आलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मुद्दाम खरं पान पाठवलंय आणि मी पैशांसाठी त्याला खोटं म्हणते का बघताय. मी निनादला तसं म्हणालेही. त्यानं तुमची सगळी पत्रं काढली आणि माझ्यासमोर ठेवली. समुद्र राखाडी. कागद तपकिरी. माझी शाई फिकी. खोलीतला दिवा मंद. मोहिद्दीनचा अंक रंग गेलेला. मग म्हणाला, “आईचं ऑपरेशन व्हायच्या आधी ती नव्या पांढऱ्या चादरी परत करून आली होती, मळक्या दिल्या म्हणून.”

काका, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू असावा. बऱ्याच वर्षांचा. सगळं हळूहळू पिवळं होत जातं, म्हणून माणसाला कळत नाही. निळा रंग मळकट दिसतो आणि फिक्या रेषा कागदात विरून जातात. मी तुम्हाला नेमकी तीच परीक्षा करायला सांगितली जी तुमच्या डोळ्यांना जमणार नव्हती.

माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका. या पत्राच्या तळाशी, माझ्या नावाखाली, मी निळ्या पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहे. ती काय आहे ते मला कळवा.

येत्या शनिवारी मी अजमानला येते.

लतिका


अजमान,
१४ मार्च २०२५

लतिका,

तुझ्या नावाखाली काहीही लिहिलेलं नाही. मी भिंगानं बघितलं. कोरा कागद आहे. म्हाताऱ्या माणसाची थट्टा करायची ही रीत नव्हे.

आता माझ्याही लक्षात आलं. गेल्या वर्षी तू दोनदा विचारलं होतंस, “काका, पुढेमागे पानं विकायची झाली तर आधी मला सांगाल ना?” मला आंधळा ठरवलं की पानं कुणाच्या हाती जातील ते कळायला डोळे लागत नाहीत. शर्वाणीनं तुला गाठलं की तू शर्वाणीला, एवढंच आता शोधायचंय.

माझं पान परत पाठव. शनिवारी येऊ नकोस. दार उघडणार नाही.

भानुदास मिरजकर


अल रीम आयलंड,
२० मार्च २०२५

सौ. शर्वाणी मिरजकर यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. शनिवारी मी अजमानला गेले होते. काकांनी दार उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज वाढवला. दुकानात रणजित भेटले, त्यांनी तुमचा ईमेल दिला. ते म्हणाले, “लिहून बघा. ती माझेसुद्धा फोन घेत नाहीये.”

तुमच्या सासऱ्यांनी जेवताना ज्या जाणकार माणसाचा उल्लेख केला तो माणूस मी. पार्सल कोण उघडतं, हे मी विचारलं. ठिपके द्यायला मी सांगितलं. अजमानच्या एका जाहिरातीवरून तुम्हीच विकताय असं मी धरून चालले. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मला एकदा एका माणसानं फसवलं होतं आणि त्याचा राग मी तुमच्यावर काढला, हे आता कळतंय. त्यानं तुमचं काही भरून निघत नाही, हेही कळतंय.

आमची दोघांची पत्रं (माझी पाठवण्याआधी मी फोटो काढून ठेवते) सोबत स्कॅन करून पाठवतेय. त्यांची पाठवायला मी त्यांची परवानगी घेतलेली नाही. वाचा, म्हणजे काय झालं ते दिसेल. माझ्या शेवटच्या पत्राचा मूळ कागद काकांकडे असेल, फाडला नसेल तर. त्याच्या तळाशी निळ्या पेन्सिलीची ओळ आहे आणि त्यांना ती दिसत नाही. ते माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील असंही म्हणवत नाही. पण त्यांना डॉक्टरकडे कुणीतरी न्यायला हवं. ते अजून गाडी चालवतात.

लतिका सबनीस


अल बर्शा, दुबई,
६ एप्रिल २०२५

लतिकाताई,

तुमचा मेल आला तेव्हा ऑफिसात क्लोजिंग चालू होतं. सगळी पत्रं लंच टाइममध्ये वाचली. नंतर कामात लक्ष लागलं नाही, हाफ डे टाकला.

ठीक आहे, आता माझं ऐका. फोटो इशानीसाठीच होते. तिला शाळेत आर्ट प्रोजेक्ट होता, आजोबांच्या काळातलं कॉमिक. मूळ पानांना हात लावून खराब होतील म्हणून मी फोटो काढले, आणि ती त्यावरून काढत बसली. नळीत तिचे चार्ट पेपर आले होते. अजूनही कपाटावर पडलेत. तुमची ती जाहिरात कुणाची होती मला माहीत नाही. दिव्याचं म्हणाल तर बाबांच्या खोलीत मी घरातला सगळ्यात प्रखर दिवा लावलाय. रणजित म्हणतो, तिथे गेलं की डोळे दिपतात.

दोन वर्षांपासून बघतेय मी. चहा ओतताना कपाबाहेर जातो. एक मोजा काळा, एक गडद निळा. जानेवारीत आलेली हळद तपकिरी आहे, भेसळ आहे म्हणून पोती परत पाठवली. रणजितनं सप्लायरची माफी मागितली, बाबांना कळू न देता. मी तीन वेळा डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आणि तिन्ही वेळा त्यांनी ऐकवलं, मला म्हातारा ठरवू नकोस. मग मी सोडून दिलं. माझंही चुकलं असेल. पण दुकानातून दमून आलेल्या माणसाशी रोज कोण भांडणार? त्यात तुमची पत्रं सुरू झाली आणि त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळत गेलं.

ईद झाल्यावर काल मी गेले. रणजितसाठी नाही, बाबांसाठीही नाही. ते गाडी चालवतात, हे तुमचं वाक्य डोक्यातून जाईना. त्यांनी दार उघडलं, कारण सोबत इशानी होती. मी म्हटलं, “बाबा, लतिकाताईंचं शेवटचं पत्र काढा.”

“तुला कसं माहीत? म्हणजे तुम्ही मिळालेल्याच आहात.”

“काढा तर.”

त्यांनी ते जपून ठेवलं होतं. पुरावा म्हणून. टेबलावर टाकलं आणि म्हणाले, “बघा, आहे काही इथे?”

रणजितनं कागद उचलला, वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं तो इशानीपुढे धरला. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, “शर्वाणीनं काही घेतलेलं नाही.”

बाबा म्हणाले, “हिला पढवून आणलंय.”

इशानीला राग आला. “आबा, नोबडी टोल्ड मी. इट्स राइट हिअर. व्हाय कान्ट यू सी इट?” तिनं त्यांचं बोट धरलं आणि त्या ओळीवरून फिरवत नेलं, त्यांना वाचायला शिकवावं तसं. ते बोट बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. परत काढला. शेवटी मला विचारलं, “इथे खरंच निळं आहे?”

मी हो म्हटलं.

उद्याची अपॉइंटमेंट आहे. मीच नेतेय, कारण रणजितला दुकान आहे. घरी परत जायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही आणि कुणी विचारू नये. तुमच्यावर माझा राग आहे. पण तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत.

शर्वाणी


अजमान,
११ मे २०२५

चि. लतिका,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तू ते न उघडता परत पाठवलंस तरी तक्रार नाही. चौदा मार्चला मी जे लिहिलं ते मला पाठ आहे. पाठ करायची इच्छा नव्हती, झालं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर केरळचे, माझ्या डोळ्यात दिव्याचा झोत टाकून बघितलं आणि हसले. “अंकल, ये मोतीबिंदू कब से लेके घूम रहे हो? अंदर एकदम कडक चाय हो गया है.” शर्वाणी शेजारी बसली होती, ती हसली नाही. गाडीची किल्ली मी त्याच दिवशी रणजितकडे दिली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी भिंत दिसली. एवढी पांढरी की मी विचारलं, रंग कधी दिला? मग खिडकीतून आकाश. लतिका, मी ते किती वर्षं पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हेही मला माहीत नव्हतं. उजवा डोळा झाकला की जग जुन्या वर्तमानपत्रासारखं. डावा झाकला की नुकतं धुतल्यासारखं. घरी येईपर्यंत मी टॅक्सीत एकदा हा, एकदा तो, असं करत होतो. ड्रायव्हरनं आरशातून बघून शर्वाणीला विचारलं, चाचा ठीक हैं ना?

पानं काढून बघितली. तुला काय सांगायचं, तू पाहिलंच आहेस. १९६८च्या अंकातला समुद्रही बघितला. तू बरोबर होतीस.

मोहिद्दीनकडे गेलो. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि आतल्या पोराला म्हणाला, दोन चाय. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, “छोड़ो हबीबी, मेरी बीवी बदरुन्निसा कब से कह रही थी, भाईजान की आँखें देखो.” म्हणजे तिलाही कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं आणि मी सगळ्यांना चोर म्हणत फिरत होतो. मोहिद्दीनशी भांडण असं एका चहात मिटलं.

घरातलं तसं मिटलेलं नाही. शर्वाणी आणि इशानी परत आल्यात. इशानीची शाळा इथून जवळ आहे, एवढंच कारण शर्वाणीनं दिलं. पहिल्या रात्री मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, “आजपासून ही तुझ्याकडे. पानं तुझी, इशानीची.”

तिनं किल्ली परत माझ्याकडे सरकवली. “मला नकोत, बाबा.”

“माझ्या डोळ्यांनी घात केला, शर्वाणी. रंग दिसत नव्हते मला.”

ती भांडी लावत होती. थांबली. म्हणाली, “रंग दिसत नव्हते हे मला कळलं. डॉक्टरांनी सांगितलंय. पण मी तर दिसत होते ना? बारा वर्षं समोर होते.”

मोतीबिंदूमुळे रेषा गेल्या, ठिपके गेले, समुद्र गेला, हे सगळं खरं. पण ती भाजी वाढत होती तेव्हा मी तिला चोर म्हटलं, ते डोळ्यांनी केलेलं नाही. ते आत कुठेतरी आधीपासून तयार होतं. माझ्या दुकानावर, माझ्या कपाटावर, माझ्या कागदांवर सगळ्यांचा डोळा आहे, असं मला तुझी काकू गेल्यापासून वाटायला लागलं होतं. ते कुठल्या ऑपरेशननं निघतं ते मला माहीत नाही. तूही तुझं तपासून बघ, असं सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. तू तर तिला पाहिलंही नव्हतंस. मी रोज पाहत होतो.

वादळाचं पान तुझ्याकडेच ठेव. मी ते विकत नाही आणि भेटही देत नाही. पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याचं झालं की तू आणि निनाद ते घेऊन जेवायला या. शर्वाणीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, “येऊ देत. मला त्यांना बघायचंय.” हे ती कुठल्या अर्थानं म्हणाली ते मला कळलं नाही, तेव्हा तयारीनं ये.

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. मला स्वतःला जमत नाहीत, नेम चुकतो. ती घालते. कामावर जाताना, आल्यावर, जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी. एका हातानं माझी हनुवटी वर करते, दुसऱ्या हातानं थेंब टाकते आणि जाते. पहिले आठ दिवस एवढंच. काल थेंब टाकल्यावर गेली नाही, तिथेच उभी राहून म्हणाली, “लगेच उघडू नका. ओघळून जातं.” मी डोळा मिटून बसलो. ती किती वेळ उभी होती ते मला दिसलं नाही.

आताही बाटली घेऊन दारात आली आहे. पत्र इथेच थांबवतो.

भानुदासकाका